शिकारी कुत्र्यांची असामान्य बुद्धिमत्ता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारवानी, लॅब्राडॉर, बीगल, पॉइंटर अशा शिकारी वंशाच्या कुत्र्यांच्या पालकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकाच मुद्द्याला दोन प्रश्न स्पर्श करत असतील, तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शिकारी कुत्र्याची हुशारी म्हणजे नेमके काय? सांगितलेले पटकन ऐकणारा कुत्रा हुशार नव्हे काय?

सांगितलेले ऐकणे ही हुशारीची एक बाजू आहे. शिकारी कुत्र्याच्या बाबतीत ती मुख्य बाजू नव्हे. पॉइंटरचे पिल्लू कोणी न शिकवता पक्ष्याच्या वासावर थबकते आणि बीगल आपसूक नाक जमिनीला लावून चालू लागतो. ही वंशातून आलेली ओढ आहे, तिचे श्रेय त्या एका कुत्र्याला देता येत नाही. शिट्टी ऐकताच बसणे ही शिकवण आहे आणि तिचे निम्मे श्रेय शिकवणाऱ्याचे आहे. असामान्य बुद्धिमत्ता दिसते ती या दोन्ही गोष्टी अपुऱ्या पडतात तेव्हा. माग मध्येच तुटतो, वारा फिरतो, पक्षी उडण्याऐवजी गवतातून पळत सुटतो आणि अशा वेळी कुत्रा गोंधळून न जाता त्या परिस्थितीला साजेशी, पूर्वी न केलेली कृती करतो. या पानावर ‘हुशारी’ हा शब्द याच अर्थाने वापरला आहे.

२. भारतात शिकारीवर बंदी आहे. मग या प्रश्नाला आज काय अर्थ उरतो?

बंदी आहे आणि ती काटेकोरपणे पाळली गेली पाहिजे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीची व्याख्या ठार मारण्यापुरती मर्यादित नाही. पाठलाग करणे, पकडणे, हाकणे, सापळ्यात अडकवणे आणि तसा प्रयत्न करणे हेही तिच्यात येते. माळावर सशामागे कारवानी सोडणे हा ‘कुत्र्याला पळवण्याचा’ निरुपद्रवी छंद आहे, असा समज अजूनही आढळतो. तो समज चुकीचा आहे, मग ससा हाती लागो अथवा न लागो.

कायद्याने शिकार थांबली, म्हणून ज्या गुणांसाठी पिढ्यानपिढ्या कुत्र्यांची निवड झाली ते गुण नाहीसे झालेले नाहीत. पोलीस दलातील माग काढणारे कुत्रे आणि ढिगाऱ्याखालील माणसे शोधणारे कुत्रे याच गुणांवर काम करतात. मुधोळ हाउंड जातीच्या कुत्र्यांना २०१६ मध्ये मेरठ येथील लष्करी केंद्रात प्रशिक्षणासाठी नेण्यात आले, तेही याच गुणांच्या भरवशावर. खाली प्रत्यक्ष शिकारीची जी उदाहरणे येतात, ती परदेशांतील किंवा जुन्या काळातील आहेत. घरच्या कुत्र्याची पारख कशी करावी, ते प्रश्न १४ मध्ये सांगितले आहे.

३. सर्वांत हुशार शिकारी जात कोणती?

या प्रश्नाचे एका नावाने उत्तर देणारी यादी नेहमी पुढे केली जाते. स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये ती मांडली. तीत गोल्डन रिट्रीव्हर चौथा, लॅब्राडॉर सातवा आणि अफगाण हाउंड अगदी शेवटचा आहे. बीगल, ब्लडहाउंड, बोर्झोई हेही तळाशीच आहेत. ही क्रमवारी आज्ञापालनाच्या स्पर्धांतील परीक्षकांच्या मतांवर आधारलेली होती, म्हणजे नवी आज्ञा किती लवकर उमगते आणि ती किती वेळा पाळली जाते, एवढेच तिने मोजले. स्वतः कोरेन यांनीही उपजत बुद्धी आणि परिस्थितीशी जुळवून घेणारी बुद्धी या वेगळ्या मानल्या होत्या. यादी मात्र या भेदाशिवायच पसरली.

२०२२ मध्ये अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पाहणीतून असे दिसले की, कुत्र्याकुत्र्यांतील वर्तनाचा जो फरक असतो, त्यातील सुमारे ९ टक्केच जातीवरून सांगता येतो. जात ही दिशा सांगते; पातळी त्या एका कुत्र्याकडे पाहूनच कळते.

४. माझा कारवानी तीन-तीन हाका मारल्या तरी येत नाही. तो मंद आहे का?

बहुधा नाही. दख्खनमधील कारवानी, त्याचाच लांब केसांचा प्रकार पश्मी आणि मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजघराण्याच्या आश्रयाने नावारूपास आलेला मुधोळ हाउंड हे सर्व नजरेने शिकार करणारे कुत्रे आहेत. एकदा सावज दिसले की मालक मागे राहतो आणि पुढचा प्रत्येक निर्णय कुत्र्याला एकट्याने, भरधाव पळताना घ्यावा लागतो. मागे वळून मालकाची परवानगी पाहणारा कुत्रा या कामात निरुपयोगी ठरला असता. त्यामुळे स्वतंत्रपणे निर्णय घेणाऱ्यांचीच पैदास पुढे चालू राहिली.

हंगेरीतील संशोधकांनी २००९ मध्ये हा फरक प्रयोगाने दाखवला. माणसाच्या सहकार्याने काम करण्यासाठी पैदास केलेले कुत्रे, उदाहरणार्थ बंदूकधाऱ्याबरोबर चालणारे शिकारी कुत्रे आणि मेंढ्या वळवणारे कुत्रे, बोटाने दाखवलेली दिशा अधिक अचूक ओळखत. एकट्याने काम करणाऱ्या हाउंड (सावजाचा माग किंवा पाठलाग करणारे कुत्रे) व टेरिअर (बिळातील सावज हुसकावणारे छोटे कुत्रे) जाती त्यात मागे पडल्या. म्हणून बोलावल्यावर येण्यावरून कारवानीची पारख करणे अन्यायाचे आहे. अर्थात, रस्त्यावरील वाहतुकीचा विचार करता त्याला हाकेवर यायला शिकवणे आवश्यकच आहे. तो मालकाच्या जबाबदारीचा भाग झाला.

५. वासावर माग काढणाऱ्या कुत्र्यात हुशारीची कोणती लक्षणे पाहावीत?

नाक किती तीक्ष्ण आहे हे पाहू नये. तीक्ष्ण नाक ही देणगी आहे. वास हरवल्यावर कुत्रा काय करतो, ते पाहावे. साधारण कुत्रा वास तुटलेल्या जागी घुटमळतो, किंवा त्याच दिशेने उगीचच पुढे धावतो. जाणता कुत्रा ज्या ठिकाणी वास शेवटचा खात्रीने लागला होता तेथे परत येतो, तेथून पद्धतशीर फेरी घेतो आणि वारा ज्या बाजूला वाहतो आहे त्या बाजूने वर्तुळ वाढवत नेतो. ओढा, डांबरी रस्ता, गुरांच्या कळपाने तुडवलेली वाट अशा ठिकाणी हा फरक स्पष्ट उठून दिसतो. काही कुत्रे अनुभवाने आणखी एक पायरी चढतात. ओढ्याकाठी माग तुटला की ते थेट पलीकडच्या काठावर जाऊन शोध सुरू करतात.

दुसरे लक्षण मागाच्या दिशेचे आहे. माग आडवा लागला, तर उजवीकडे जायचे की डावीकडे, हे कुत्र्याला ठरवावे लागते. नॉर्वेतील संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवले की, माग काढण्यात तरबेज कुत्रे अशा वेळी गती कमी करून तीन ते पाच सेकंद काही पावलांचे ठसे हुंगतात आणि मग योग्य दिशा धरतात. बेलफास्टमध्ये झालेल्या पुढील अभ्यासात दिशा ओळखण्यासाठी पाच पावलांचे ठसे लागतात असे आढळले. कोणते पाऊल आधीचे आणि कोणते नंतरचे, हे वासातील अतिसूक्ष्म फरकावरून ताडले जात असावे. सर्वच कुत्र्यांना हे जमत नाही. अनेक जण उलट दिशेने तितक्याच उत्साहाने निघतात. माग ओलांडताना क्षणभर थांबून, तपासून मगच निघणारा कुत्रा आपल्याकडे असेल, तर त्याची किंमत जाणावी.

तिसरे लक्षण कळपात दिसते. इंग्लंडमधील हाउंडच्या कळपांत काही कुत्रे वास नसतानाही भुंकतात. कळपातील इतर अनुभवी कुत्रे अशांच्या भुंकण्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात. मात्र एखादा विश्वासू कुत्रा एकदा जरी भुंकला, तरी सारे त्याच्याकडे धाव घेतात. कोणाच्या सांगण्यावर भरवसा ठेवावा, याचा प्रत्येकाने वेगवेगळा हिशेब ठेवणे ही माझ्या मते कुत्र्याच्या बुद्धीतील अत्यंत वरच्या दर्जाची गोष्ट आहे आणि तिची चर्चा फारच कमी होते.

६. पॉइंटर किंवा सेटर पक्ष्यासमोर पुतळ्यासारखा थांबतो, हीच त्याची हुशारी ना?

थांबणे उपजत आहे. हुशारी त्याच्या आधी आणि नंतर आहे. शेत तपासताना वाऱ्याला सामोरे राहून आडव्या फेऱ्या घेणे आणि तितर कोणत्या झुडपाच्या आडोशाला असेल याचा अनुभवावरून अंदाज बांधून थेट तेथेच जाणे, ही आधीची कामगिरी झाली. नंतरची कामगिरी अधिक अवघड असते. पक्षी पायी पळू लागला, तर सामान्य कुत्रा त्याच्यामागे सरकत राहतो आणि पक्षी माऱ्याच्या टप्प्याबाहेर उडतो. काही मोजके कुत्रे माग सोडून लांबून वळसा घालतात आणि पक्ष्याच्या पुढे येऊन उभे राहतात, त्यामुळे पक्षी कुत्रा व शिकारी यांच्यामध्ये अडकतो. नाकाला येणारा वास सोडून देऊन वास नसलेल्या जागी जाणे हे उपजत ओढीच्या विरुद्ध आहे, म्हणूनच ते बुद्धीचे लक्षण मानावे.

७. रिट्रीव्हर (पडलेला पक्षी उचलून आणणारा कुत्रा) विचार करून निर्णय घेतो, याचे एखादे विश्वसनीय उदाहरण आहे का?

सर्वांत प्रसिद्ध उदाहरणे चार्ल्स डार्विनने १८७१ मध्ये नोंदवली. एका शिकाऱ्याने दोन रानबदकांना जखमी केले आणि ती ओढ्याच्या पलीकडे पडली. त्याच्या रिट्रीव्हर कुत्रीने दोन्ही एकदम आणण्याचा प्रयत्न केला. तो साधला नाही. तोवर पक्ष्याचे पीसही न विसकटणाऱ्या त्या कुत्रीने एका बदकाला मुद्दाम ठार केले, दुसरे जिवंत आणून दिले आणि मग मेलेले आणायला परत गेली. दुसऱ्या प्रसंगात एका कुत्रीने जखमी तितर पकडला होता. परतताना तिला मेलेला तितर दिसला. जिवंत पक्षी सुटू न देता दुसरा उचलता येत नाही, हे एक-दोन प्रयत्नांत लक्षात आल्यावर ती क्षणभर थांबली, जिवंत पक्ष्याला दाताखाली चिरडले आणि दोन्ही एकत्र घेऊन आली.

या कथांचे मोल प्रसंगाच्या तपशिलात आहे. अडचण खरी होती, नेहमीचा मार्ग बंद होता, कुत्रीने आपली पक्की सवय मोडली आणि ती नेमकी अडचण सुटेल अशाच रीतीने मोडली. तरीही हे एकेकदाच घडलेले प्रसंग आहेत आणि ते सांगणारे स्वतः कुत्र्यांचे चाहते होते, हे विसरता येत नाही. अशा कथांकडे कसे पाहावे, त्यासाठी प्रश्न १० वाचावा.

रोजच्या कामात पाहण्यासारखे साधे लक्षण म्हणजे स्मरण. तीन वस्तू तीन दिशांना पडताना कुत्र्याने पाहिल्या आणि पहिल्या दोन आणून झाल्यावर तो तिसरीच्या जागेकडे न शोधता सरळ गेला, तर त्याने ती जागा मनात धरून ठेवली होती.

८. माझा कुत्रा पाण्यात पोहण्याऐवजी काठाने पळून वस्तू आणतो. ही हुशारी की आळस?

हुशारी. मात्र रिट्रीव्हरच्या स्पर्धांमध्ये ती दोष मानली जाते, कारण काठाने वळसा घालणारा कुत्रा वस्तूची सरळ रेषा हरवून बसण्याची शक्यता असते आणि त्याला दुरून दिशा दाखवणे अवघड जाते. नजरेने शिकार करणाऱ्या कुत्र्यांबाबत असेच घडते. हुलकावणी देणारा ससा कोणत्या बाजूला वळेल हे काही ग्रेहाउंड अनुभवाने ओळखतात, जोडीदाराला पाठलाग करू देतात आणि स्वतः आडवे जाऊन गाठतात. यंत्राने ओढलेल्या कृत्रिम सावजामागे धावण्याच्या खेळातही काही कुत्रे दोरीचा मार्ग लक्षात ठेवून कोपरे कापतात. स्पर्धेचे परीक्षक अशा कुत्र्याचे गुण कमी करतात, कारण त्यांना वेग व चिकाटी मोजायची असते. बुद्धीची पारख करणाऱ्याने मात्र गुण वाढवावेत.

९. पिल्लाच्या वयातच हुशारी ओळखता येते का?

काही प्रमाणात येते. अमेरिकेत साहाय्यक कुत्रे म्हणून वाढवल्या जाणाऱ्या लॅब्राडॉर व गोल्डन रिट्रीव्हर वंशाच्या ३७५ पिल्लांची वयाच्या आठव्या आठवड्यात चाचणी घेण्यात आली. त्यांना माणसाचे बोट दाखवणे उमगत होते आणि पिल्लापिल्लांतील या फरकाचा ४० टक्क्यांहून अधिक भाग आनुवंशिक असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु हे माणसाशी संवाद साधण्याचे कौशल्य आहे. प्रश्न ५ व ६ मध्ये सांगितलेली लक्षणे अनुभवावर उभी राहतात आणि ती पिल्लात दिसत नाहीत. सर्वांत धीट पिल्लू हे सर्वांत हुशार असते, हा समज विक्रेत्यांच्या सोयीचा आहे. धिटाई आणि बुद्धी या वेगळ्या गोष्टी आहेत.

१०. माझा टेरिअर फाटकाची कडी स्वतः उघडतो. हे असामान्य बुद्धीचे लक्षण नव्हे काय?

ते चांगल्या शिकण्याचे लक्षण आहे. समजण्याचे असेलच असे नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लॉइड मॉर्गन यांचा टोनी नावाचा फॉक्स टेरिअर नेमके हेच करत असे. पाहणाऱ्याला वाटे की, कुत्र्याला कडीचे कार्य कळले आहे. मॉर्गन यांनी मात्र सुरुवातीपासून पाहिले होते. टोनी गजांमधून डोके बाहेर काढून रस्ता न्याहाळत असे. एकदा योगायोगाने डोके कडीखाली आले, कडी उचलली गेली, फाटक उघडले आणि पुढील अनेक प्रयत्नांतून ती कृती हळूहळू नेमकी होत गेली. यातूनच त्यांनी १८९४ मध्ये एक नियम मांडला. एखादी कृती साध्या मानसिक क्रियेने समजावून सांगता येत असेल, तर तिच्यासाठी उच्च बुद्धी गृहीत धरू नये. हा नियम कुत्र्यावर अविश्वास दाखवण्यासाठी नाही. तो लावल्यानंतरही जी कृती टिकते, तिच्याबद्दल आपण खात्रीने बोलू शकतो, हे त्याचे मोल आहे. म्हणून कृती पहिल्यांदा कशी घडली, हे ठाऊक नसेल तर निष्कर्ष राखून ठेवावा.

११. कुत्रा तर्क करू शकतो का? तीन वाटांची गोष्ट खरी आहे का?

ही गोष्ट इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील ग्रीक तत्त्वज्ञ क्रिसिपस याच्या नावाने सांगितली जाते. माग काढणारा शिकारी कुत्रा तीन वाटा फुटतात तेथे येतो, दोन वाटा हुंगतो, तेथे वास नसतो आणि मग तिसरी वाट न हुंगताच तिच्यावर धावत सुटतो. ‘ही नाही, ती नाही, म्हणून तिसरी’ असा हा तर्क. १६१५ मध्ये केंब्रिज येथे राजा जेम्स पहिला याच्यासमोर याच विषयावर विद्वानांचा वाद रंगला होता आणि शिकारीचा शौकीन असलेला राजा कुत्र्यांच्या बाजूने होता.

पर्याय वगळून निवड करणे नियंत्रित प्रयोगांत काही कुत्र्यांना साधले आहे, तेव्हा ही क्षमता अशक्य कोटीतील नाही. पण मैदानावरील कुत्रा तिसऱ्या वाटेवर धावला, तर वाऱ्याने तिचा वास आधीच त्याच्या नाकापर्यंत आणलेला नव्हता, याची खात्री देणे जवळजवळ अशक्य असते. ही गोष्ट पुरावा म्हणून वापरू नये.

१२. जंगलात दूर गेलेला कुत्रा नव्याच वाटेने परत येतो. त्याला रस्ता कसा कळतो?

या प्रश्नावर शिकारी कुत्र्यांवरच झालेला एक सुंदर अभ्यास आहे. चेक प्रजासत्ताकातील संशोधकांनी २७ शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधून त्यांच्या शेकडो फेऱ्या नोंदवल्या आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेक वेळा कुत्रे आपल्याच मागावरून परतले. सुमारे एकतृतीयांश वेळा ते पूर्णपणे नव्या वाटेने आले. नव्या वाटेने येणाऱ्यांपैकी बहुसंख्य कुत्रे परतीच्या प्रारंभी उत्तर-दक्षिण रेषेत सुमारे २० मीटर धावत, मग मालक कोणत्याही दिशेला असो. ज्यांनी अशी धाव घेतली, ते अधिक लवकर पोहोचले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधारे ते आपला मनातील नकाशा जुळवून घेत असावेत, असे संशोधकांचे मत आहे. नव्या वाटेने येणे हा धाडसी पर्याय आहे आणि ज्या कुत्र्याला तो सातत्याने साधतो, त्याची दिशेची जाण निश्चितच वरच्या दर्जाची आहे.

१३. दोन कुत्रे मिळून सावज कोंडीत पकडतात किंवा कुत्रा पक्षी सापडूनही न सापडल्याचे दाखवतो. हे कट रचणे किंवा फसवणे म्हणावे का?

दोन्ही ठिकाणी सावध राहावे. २०११ मध्ये संगणकीय प्रतिकृतीने दाखवण्यात आले की, लांडग्यांच्या कळपाने सावजाला वेढणे हे केवळ दोन साध्या नियमांतून घडू शकते. सावजाच्या ठरावीक अंतरापर्यंत जवळ जावे आणि तेथे पोहोचल्यावर जोडीदारांपासून दूर सरकावे, एवढेच. योजना नसतानाही पाहणाऱ्याला योजना दिसते. जोडीदार बदलल्यावर किंवा जागा बदलल्यावर एखादा कुत्रा आपली भूमिका बदलत असेल, तर मात्र विचार करण्यासारखे आहे.

पक्षी सापडूनही तोंड फिरवणाऱ्या कुत्र्याच्या मागे बहुधा शिक्षा असते. पक्ष्याजवळ असताना त्याला मारले किंवा कानाशी बंदूक उडवली, तर पक्षी म्हणजे दुखापत असा संबंध त्याच्या मनात बसतो. ही फसवणूक नव्हे, माणसाने शिकवलेली भीती आहे, आणि ती संयमाने दूर करावी लागते.

१४. शिकार न करता माझ्या कुत्र्याची पारख कशी करू?

खाऊ घासलेला चामड्याचा तुकडा जमिनीवरून ओढत माग तयार करावा, मध्ये काही अंतर तो उचलून धरून माग तोडावा आणि पुढे थोडा बाजूला सरकून पुन्हा सुरू करावा. तुटलेल्या जागी कुत्रा काय करतो, ते प्रश्न ५ मधील वर्णनाशी ताडून पाहावे. रिट्रीव्हरसाठी तीन वस्तू टाकून स्मरण पाहता येते. कारवानीसाठी मोकळ्या, कुंपण असलेल्या जागेत दोरीने ओढलेले कापडी सावज पुरते.

सर्वांत महत्त्वाची दक्षता अशी की, वस्तू कोठे दडवली आहे हे कुत्र्याबरोबर चालणाऱ्याला ठाऊक नसावे. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कुत्र्यांना जो वास शोधायला शिकवले होते तो कोठेही ठेवलेला नसताना, हाताळणाऱ्यांना ‘येथे वास आहे’ असे सुचवले गेले, त्या ठिकाणी कुत्र्यांनी वास लागल्याचा इशारा दिल्याच्या नोंदी झाल्या. आपली नजर, आपले थबकणे, आपला श्वासही कुत्रा वाचतो. तसेच पहिला प्रयत्न सर्वाधिक मोलाचा असतो. तोच खेळ दहाव्यांदा जिंकणे हे सरावाचे फळ आहे. प्रत्येक वेळी जागा, वाऱ्याची दिशा आणि अडचणीचे स्वरूप बदलावे व काय घडले ते त्याच दिवशी लिहून ठेवावे.

१५. इतका हुशार कुत्रा साध्या गोष्टीत का अडखळतो?

कारण त्याची बुद्धी त्याच्या कामाच्या अंगाने घडलेली आहे. खाऊ बांधलेल्या दोन दोऱ्या एकमेकींवरून आडव्या ठेवल्या, तर बहुतेक कुत्रे खाऊला जवळ असलेले चुकीचे टोक ओढतात. जाळीच्या कुंपणापलीकडे दिसणाऱ्या वस्तूसाठी वळसा घालणेही त्यांना जड जाते. मात्र माणसाने वळसा घातलेला एकदा पाहिला की त्यांची कामगिरी सुधारते. अशा चाचणीत अडलेला कुत्रा मालकाच्या तोंडाकडे पाहू लागतो. माणसाळवलेले लांडगे असे क्वचितच करतात, हे बुडापेस्टच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले. रिट्रीव्हरने वळून पाहणे ही मदत मागण्याची रीत समजावी, अपयश नव्हे. कारवानीने न पाहणे हेही अपयश नव्हे, त्याचे कारण प्रश्न ४ मध्ये आले आहे.

१६. पूर्वी तरबेज असलेला माझा कुत्रा अलीकडे गोंधळतो. हुशारी कमी होते का?

वृद्धापकाळी कुत्र्यांनाही स्मृतिभ्रंशासारखा विकार होतो. ओळखीच्या खोलीत वाट चुकणे, रात्री जागून येरझाऱ्या घालणे, घरच्या माणसांना उशिरा ओळखणे ही त्याची लक्षणे आहेत. पण त्याआधी नाक, कान, डोळे आणि सांधे तपासून घ्यावेत. नाकाचा संसर्ग झालेला बीगल माग सोडतो आणि कमी ऐकू येणारा लॅब्राडॉर शिट्टीकडे दुर्लक्ष करतो. दोघांचीही बुद्धी शाबूत असते. बदल अचानक झाला असेल, तर त्याच आठवड्यात पशुवैद्यकाकडे न्यावे.